हे चार महिने गाडी कुठं व्हती?

शालनताई हसायला लागल्या की गाडी विकायला आलेला माणूस कागद गोळा करायला लागायचा.

हसू सुरू व्हायचं नाकातून. मग खांदे हलायचे. मग त्या चष्मा काढायच्या, पदराने डोळे पुसायच्या, तांब्यातलं पाणी प्यायच्या आणि "थांबा हं, परत बगते" म्हणून कागद पुन्हा हातात घ्यायच्या. ज्या ओळीवर मघाशी अडकल्या होत्या तिथंच परत अडकायच्या. या खेपेला हसू पोटापर्यंत पोचलेलं असायचं. तोवर समोरच्याने चावी खिशात टाकलेली असायची.

भोरहून उत्रोलीकडे जाताना रस्त्याकडेला एका चिंचेखाली त्यांची पीयूसीची व्हॅन उभी असायची. व्हॅन पूर्वी पांढरी होती म्हणे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, सायलेन्सरमध्ये घालायची नळी आणि चहाचा थर्मास. आलेल्या गाडीचा धूर मशीनला दाखवायचा, नंबरप्लेट दिसेल असा मागून फोटो काढायचा आणि सर्टिफिकेट छापून द्यायचं, एवढाच धंदा. मशीन आणलं होतं त्यांच्या यजमानांनी. धुराने त्यांना खोकला लागला तसे ते शेताकडे वळले आणि शालनताई साडीवर त्यांचा निळा शर्ट चढवून मशीनपाशी येऊन बसल्या. शर्टाच्या खिशात दोन पेनं, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. हा पोशाख मी अकरा वर्षांत बदललेला पाहिला नाही.

मी त्यांची शेजारीण. नोकरी वेल्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात, घर भोरात, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य प्रवासात आणि उरलेलं शालनताईंच्या ओट्यावर गेलं.

जुनी गाडी घेण्याआधी तिचे कागद शालनताईंना दाखवायचे, ही रीत भोर तालुक्यात कधी पडली ते कोणाला सांगता येणार नाही. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "मशीन आकडा काढंस्तवर मला काम नसतं. मग गाडीवाल्याचे जुने कागद वाचत बसती. वाचता वाचता कळाय लागलं."

त्यांची पद्धत ठरलेली. गाडीकडे पाहायचंच नाही. विकणारा धुऊनपुसून, सीटला नवं कव्हर घालून, आरशाला लिंबू-मिरची लटकवून गाडी घेऊन यायचा, आणि शालनताई स्टूल फिरवून तिच्याकडे पाठ करून बसायच्या.

"आदी कागद," म्हणायच्या.

मग फाइल सोडवून एकेक कागद व्हॅनच्या बॉनेटवर तारखेप्रमाणे मांडायचा. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर नदीतला एक गोटा. एका ओळीत पीयूसी. दुसऱ्या ओळीत पासिंगचे कागद, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, शाळेची व्हॅन असल्या गाड्या सरकारी तपासणीला उभ्या राहतात, त्याचे दाखले. तिसऱ्या ओळीत इन्शुरन्स. मग उजव्या हाताच्या पेरांवर महिने मोजत त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायच्या. कुठेतरी बोट थांबायचं. पाठमोऱ्याच विचारायच्या, "हे चार महिने गाडी कुठं व्हती?"

हा प्रश्न ऐकून भले भले तालुक्याबाहेर गेलेले आहेत.

माझ्या नवऱ्याने एकदा पुण्यातून एक लाल गाडी शोधून आणली. विकणारा एजंट गोड माणूस होता. त्याने सांगितलं, गाडी एका डॉक्टरांची, एकच हात फिरलेला, डॉक्टर फक्त रविवारी देवदर्शनाला काढायचे. फाइल इतकी व्यवस्थित होती की माझा नवरा रस्ताभर तिचंच कौतुक करत आला. शालनताईंनी पीयूसीचे कागद मांडले. पहिला पुण्याचा. दुसरा रत्नागिरीचा. तिसरा सोलापूरचा. चौथा पुन्हा रत्नागिरीचा.

"डॉक्टरांचं देव लई लांब लांब हायेत," त्या म्हणाल्या.

एजंट म्हणाला, "भाविक माणूस आहे."

शालनताईंनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. पीयूसीच्या कागदावर गाडीचा पाठीमागचा फोटो असतो, बोटभर. तो त्या भिंगाखाली इतका वेळ पाहत राहिल्या की माझा नवरा अस्वस्थ होऊन चिंचा वेचायला लागला. मग त्यांनी मला बोलावलं. मागच्या काचेवर अक्षरं खरवडून काढल्याची खूण होती. फिकट, पण होती. आधी 'सहल' वाचता आलं, मग त्याच्याखाली अर्धा मोबाईल नंबर.

"आन् ह्यो धुराचा आकडा बगा मॅडम. माझी मशीन एकाच गाडीला सकाळी येक आकडा दावती, दुपारी दुसरा. हितं तीन वर्सं त्योच आकडा. शेवटचा ठिपकासुदीक त्योच. गाडी हाय का फोटू हाय?"

आणि नाकातून ते सुरू झालं. एजंट प्रथम गंभीर राहिला. मग शालनताईंनी पाणी पिऊन दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तोही हसायला लागला. शेवटी दोघं बॉनेटला धरून हसत होती आणि माझा नवरा हातात चिंचा घेऊन उभा. जाताना एजंट ताईंच्या पाया पडला. पुढे तोच माणूस गाडी विकत घेण्याआधी स्वतः फाइल घेऊन त्यांच्याकडे यायला लागला. आम्ही ती लाल गाडी घेतली नाही, आणि त्यानंतर कुठलीच घेतली नाही. एसटीच्या कागदांची काळजी आपल्याला नसते, असं नवऱ्याचं मत झालं.

ही सवय मग गाड्यांपुरती राहिली नाही. दिवाळीची सुट्टी संपवून मी माहेरहून दोन दिवस उशिरा आले की ओट्यावरून विचारणा व्हायची, "शनिवार-रविवार कुठं व्हता मॅडम?" त्यांच्या पुतणीसाठी, रेश्मासाठी, एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर चांगलं, वडील बोलके. सगळ्यांनी बायोडाटा वाचून बाजूला ठेवला. शालनताईंनी तो उचलला, पेरांवर मोजलं आणि पाहुण्यांसमोर विचारलं, "बारावी ते नोकरी, मदली दोन वर्सं कुठं व्हतं पाव्हनं?"

वडील म्हणाले, "घरीच. अभ्यास चालला होता."

मुलगा खाली बघत म्हणाला, "बँडमध्ये होतो. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवायचो."

वडिलांचा चेहरा उतरला. शालनताईंनी चष्मा काढला. मला वाटलं, झालं, हसणार. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाय का जवळ?" क्लॅरिनेट जवळ नव्हती, पण मुलाने तोंडाने वाजवून दाखवली, डोळे मिटून, खांदे उडवत, गाल फुगवून, आणि आत चहा गाळत असलेली रेश्मा चहा तसाच टाकून दाराशी येऊन उभी राहिली. लग्न ठरलं. वरातीत नवऱ्या मुलाने घोड्यावरून उतरून बँडवाल्याच्या हातातली क्लॅरिनेट घेतली, त्यामुळे लग्नाचा मुहूर्त टळला, पण तो दोष शालनताई कधीच स्वतःकडे घेत नसत.

आता शाळेच्या व्हॅनची गोष्ट सांगते. ही सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

राजगडाच्या पायथ्याला पालीजवळ एक वाडी आहे. तिथल्या मुली दहावीनंतर माझ्या कॉलेजला यायच्या. यायच्या म्हणजे निम्मं वर्ष यायच्या. एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ यांचं कधी जमलंच नाही. दिवाळीनंतर एकेकीचं नाव हजेरीपटावर नुसतंच उरायचं. वाडीतल्या बायकांचा बचत गट होता. गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना त्या पिठलं-भाकरी घालायच्या. त्यांची पुढारी सुनंदा. तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, आणि थोरलीचं कॉलेज सुटलं तर धाकटीलाही घरात बसवायचं, असं घरच्यांचं ठरत आलं होतं. सुनंदा एका दुपारी स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, आमी व्हॅन घेतोय. जुनी. मीच चालवनार. दिराचा टेम्पो चालवलाय म्या चार वर्सं. तेवढं तुमच्या त्या हसनाऱ्या बाईंकडं न्या."

शालनताईंची कीर्ती गडापर्यंत पोचली होती हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांत पाच व्हॅन हसण्यावारी गेल्या. एकीच्या फोटोत मागचा दरवाजा दर वर्षी वेगळ्या रंगाचा होता. एकीचा इन्शुरन्स पुढच्या तारखेचा निघाला. सुनंदा प्रत्येक वेळी वाडीहून नवी आशा घेऊन यायची आणि शालनताईंबरोबर हसून परत जायची, पण जून जवळ आला तसं तिचं हसू कमी व्हायला लागलं.

शेवटी दोन व्हॅन राहिल्या. एक दुधासारखी पांढरी, ओरखडा नाही, दर वर्षी पहिल्याच फटक्यात पास. दुसरी पोपटी. दाराला पोचा, एक सीट शिवलेली, आणि फाइलमध्ये चार वेळा नापास झाल्याचे कागद. डावा मागचा ब्रेक कमी. हेडलाइट वाकडा. आपत्कालीन दरवाजा जड. वेग आवरणारं यंत्र बंद.

शालनताईंनी दोन्ही फाइली मांडल्या, गोटे ठेवले, दोनदा चालल्या आणि पोपटी फाइलवर हात ठेवला.

"ही घ्या."

सुनंदाने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "ताई, चारदा नापास झालेल्या गाडीत आमच्या पोरी घालू? गावात काय सांगू?"

"हिकडं ये," शालनताईंनी तिला पांढऱ्या व्हॅनच्या कागदांपाशी नेलं. "हिचं पासिंग संपलं कवा? चैत्रात. नवीन झालं कवा? भादव्यात. मदी गाडीला रस्त्यावर यायची परवानगी न्हाई. आन् ही पीयूसी बग. आषाढातली. उभी गाडी धूर तपासाय कशाला जाईल?"

सुनंदा वाकून बघायला लागली.

"म्हंजे पासिंग नसताना पळत व्हती. आन् तपासनीच्या आदल्या दिवशी नटली. मागल्या वर्सी बी तसंच. त्याच्या आदल्या बी. आता हिचं बग." त्यांनी पोपटी फाइल पुढे ओढली. "पासिंग संपायच्या आत तपासनीला उभी. ब्रेक नापास, सोमवार. बेस्तरवारी पास. मागं ग्यारेजचं बिल टाचलंय. हेडलाइट नापास, दुसऱ्या दिवशी पास. बिल टाचलंय. जे नापास झालं त्ये पुन्यांदा कंदी नापास न्हाई. ही गाडी चार येळा दुरुस्त झालीया, आन् कोनी केलं, कवा केलं, समदं हितं हाय. पांढरीचं मला काय बी म्हाईत न्हाई."

मग प्रथमच त्या गाडीकडे वळल्या. पोपटी रंग पाहून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"रंगाचं काय करता येत न्हाई," म्हणाल्या.

पण पोपटी फाइलमध्येही एक मोकळी जागा होती. तिथं दोन कागदांच्या मध्ये त्यांनी गोटा ठेवला होता, खाली कागद नसताना. ती व्हॅन दाखवायला आणलेल्या एजंटला विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. "मालकाला विचाराय लागंल," शालनताई म्हणाल्या.

मालक आंबवड्याला. पत्रा टाकलेलं घर, अंगणात झेंडू, आणि दारात बसलेले बापू, सत्तरीतले. आम्ही तिघी एसटीने गेलो, कारण शालनताईंना गाडी लागायची. एसटीत निदान लिंबू हुंगत, डोळे मिटून त्या गावं मोजायच्या. कार म्हटलं की बसायच्या आधीच तोंड वाकडं. साऱ्या तालुक्याच्या गाड्या ठरवणाऱ्या या बाईंना दहा किलोमीटर गाडीत बसवणं म्हणजे मोठं काम होतं.

आम्ही गाडी बघायला गेलो, तर बापूंनी आम्हालाच बघायला सुरुवात केली. चालवणार कोण? लायसन दाखवा. घाटात कुठल्या गिअरला उतरता? सुनंदाने सगळी उत्तरं दिली. मग त्यांनी तिला व्हॅन देवळाच्या बोळातून उलटी बाहेर काढायला लावली. बोळ असा की त्यातून म्हैस सरळ निघताना विचार करील. सुनंदाने पदर खोचला आणि एका दमात गाडी बाहेर काढली. बापूंनी आत हाक मारून चार कप चहा सांगितला.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "देतो म्हनलो व्हतो खरं. पर घाटात न्यायची म्हनल्यावर मन व्हत न्हाई. ह्या गाडीनं तेरा वर्सं गावातली पोरं साळंला नेली. एक दिस उशीर न्हाई."

सुनंदाचा चेहरा पडला. कॉलेज आठ दिवसांवर आलं होतं.

शालनताईंनी फाइल उघडली. "एक दिस न्हाई म्हंता बापू," त्या म्हणाल्या. "मंग हे चार महिने गाडी कुठं व्हती?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. हसू नाकापर्यंत आलेलं होतं.

बापूंनी कागदाकडे पाहिलं नाही. झेंडूकडे बघत म्हणाले, "हितंच व्हती. दारात. मंडळी गेली माझी त्या साली. चावीला हात लावू वाटंना. गावानं दुसरी गाडी लावली पोरांना. मी रोज सकाळी हिला पुसायचो आन् आत येऊन बसायचो."

शालनताईंनी चष्मा डोळ्यांवर सारखा केला, पीयूसीचे कागद उचलले, पेरांवर महिने मोजले. एकदा. मग परत.

"खरं हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या चार महिन्यांत पीयूसी न्हाई."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर वेडगळ वाटलं असतं. बापूंनी मात्र मान वर केली आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्या चार महिन्यांची नोंद तपासून त्यावर सही केली होती. ते उठून आत गेले आणि चावी घेऊन आले. "दर वर्सी तपासनीच्या आदी आठ दिस माझ्याकडं आनायची," एवढंच सुनंदाला म्हणाले.

नाव बदललं, आणि नव्या मालकिणीच्या हाताने व्हॅन पासिंगला उभी राहिली. वाडीतल्या निम्म्या बायका नटून आल्या होत्या. एकीने हार आणला होता. इन्स्पेक्टरसाहेबांनी शांतपणे सगळं तपासलं, मागे गेले, पुढे आले आणि लिहिलं: मागचा उजवा लाल दिवा मंद. नापास.

सुनंदा मटकन खाली बसली. हार आणणारी बाई हार पदराखाली लपवायला लागली. आणि शालनताई टाळ्या वाजवत पुढे आल्या.

"नापास झाली," त्या प्रत्येकीला सांगत सुटल्या. "आपल्या हातात आल्यावर नापास झाली. चला, दिवा बदला." त्यांनी साहेबांचे असे आभार मानले की बिचारे गोंधळून स्वतःचं पेन त्यांना देऊन बसले. हाराचं काय करायचं, असा प्रश्न पडला तेव्हा तो हार त्यांनी नापास गाडीलाच घालायला लावला. त्या आवारात नापास होऊन हार घालून निघालेली ती पहिलीच गाडी असावी. तिसऱ्या दिवशी ती पास झाली. गॅरेजचं बिल शालनताईंनी स्वतःच्या हाताने टाचलं.

पहिल्या सोमवारी वाडीहून वेल्ह्याला अकरा मुली आल्या. बाराव्या शालनताई. पुढच्या सीटवर, दोन्ही हातांत लिंबू, डोळे गच्च मिटलेले. चढावर मुली गाणी म्हणत होत्या आणि त्या प्रत्येक वळणाला "आलं का, आलं का" विचारत होत्या. सुनंदा म्हणाली, "ताई, डोळं उगडा, गड दिसतोय." त्यांनी एक डोळा उघडला, गड पाहिला, आणि कॉलेजच्या फाटकात उतरल्यावर पहिल्यांदा गुलमोहराच्या बुंध्याशी गेल्या. मुलींनी त्यांना पाणी दिलं. तोंड पुसत त्या मला म्हणाल्या, "मॅडम, बरेक लई झ्याक हायेत."

सुनंदाची थोरली बारावी झाली. धाकटी आता अकरावीला आहे. व्हॅन अजून चालते. मध्ये दोनदा नापास झाली, त्या दोन्ही वेळा वाडीत गोड झालं.

माझी बदली झाली आणि भोर सुटलं. शालनताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, सारखं वाकून सायलेन्सरमध्ये नळी घालणं जमेना, तेव्हा त्यांनी मशीन विकलं. विकताना मशीनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून दिले आणि घेणाऱ्याने ते वाचले नाहीत याचा त्यांना राग आला, असं फोनवर सांगत होत्या.

गेल्या कार्तिकात कामासाठी भोरला गेले होते. परतताना उत्रोलीपाशी रस्त्यात म्हशी आल्या म्हणून एसटी थांबली. दोन्ही बाजूंना भातकापणी चाललेली. जेवणाची वेळ होती. बांधावर सातआठ बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या आणि मधोमध, पाय लांब करून, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या शालनताई. काहीतरी सांगत होत्या. एक हात वर, दुसऱ्या हातात कांदा. ऐकणाऱ्या बायकांचे घास हातातच राहिले होते.

मी खिडकी सरकवली. हाक मारायला तोंड उघडलं. पण त्या आवाज खाली आणून बोलत होत्या, पुढे वाकल्या होत्या, आणि सगळ्या बायका त्यांच्याबरोबर वाकल्या होत्या. मी तोंड मिटलं. म्हशी गेल्या, कंडक्टरने बेल दिली. बस वळेपर्यंत मान मागे करून पाहत राहिले, पण गोष्ट अजून संपली नव्हती.